आईचा जबाब

पिरंगुटकडच्या एका नर्सिंग कॉलेजात मी मुलींना आरोग्याचे कायदे शिकवते. वकिलीची पदवी घेतली, कोर्टात जीव रमला नाही, मग इथे येऊन चिकटले. पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. नुसतं विचारते, "डॉक्टर कुणाला म्हणायचं गं?" मुली म्हणतात, जो बरं करतो त्याला. नाही बायांनो, मी सांगते. ज्याचं नाव सरकारी नोंदणीत आहे आणि ते प्रमाणपत्र ज्याने सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावलंय, त्याला. बरं करतो की नाही, हे नंतर बघू. पेशंटला विचारून उपचार करणं, काय दिलं ते लिहून ठेवणं, जीव जात असेल तर आधी हात लावणं, हे सगळं त्या नोंदणीनंतर येतं. नोंदणीच नसेल तर चूक झाल्यावर धरणार कुणाला? मुली माना डोलावतात आणि लिहून घेतात.

आणि हे सगळं मी तावातावाने शिकवत होते तेव्हा नेऱ्याला, माझ्याच माहेरी, आमच्याच खोलीत एक माणूस दवाखाना थाटून बसला होता. त्याच्या भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं. दुसरं काही नव्हतं.

आमची निम्मी जमीन कंपन्यांखाली गेली, उरलेल्यातल्या एका तुकड्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओळीने खोल्या बांधल्या. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी असे भाडेकरू येत-जात राहिले. हा पण तसाच आला. पूर्वी कुठल्याशा हॉस्पिटलात कंपाउंडर होता, असं नंतर कळलं. आण्णांनी त्याला रस्त्याकडची कोपऱ्यावरची खोली दिली. आमच्याकडे एक रीत आहे. ज्या भाडेकरूने आमच्यात एक दिवाळी काढली, तो भाडेकरू उरत नाही. त्याचं ताट आमच्या चुलीवरून जातं, त्याच्या आजारपणाला आमचं माणूस बसतं, आणि त्याच्यावर कुणी आवाज चढवला तर आण्णा मध्ये पडतात. या माणसाने दिवाळी काढली. आईला तो 'आई' म्हणायचा आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा.

आईचे गुडघे गेले होते. जन्मभर भाताच्या खाचरात वाकून लावणी केली, दुसरं काय होणार? मी तिला एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, वजन कमी करा म्हणाले, नाहीतर ऑपरेशन. सगळं बरोबरच होतं त्यांचं. फक्त ते बोलत होते माझ्याशी, आणि आई शेजारी स्टुलावर पदर सावरत बसली होती.

आमच्या खोलीतल्या माणसाने तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. अंगठ्याने दाबत दाबत विचारलं, हितं दुखतं का, तितं दुखतं का, जिना चढताना जास्ती का उतरताना? मग एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी आई जमिनीवर बसून भाकरी थापायला लागली. मी सूसला राहते, तिथून गेले होते. दारातच उभी राहिले. किती वर्षांनी तिला अशी खाली बसलेली बघत होते! खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पण मग हळूहळू तिचं तोंड सुजायला लागलं. गालांचे गोळे झाले. गाव म्हणायला लागलं, म्हातारीची तब्येत झाली, लेकीचं सुख लागलं! हाताला बादली नुसती घासली तरी काळंनिळं व्हायचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्याच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, "गोळीचं नाव काय?"

"ताई, माझं स्वतःचं कॉम्बिनेशन आहे ते," तो हसून म्हणाला.

"आणि तुमचा नोंदणी क्रमांक?"

"बसा ना, चहा घ्या आधी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच घरात गेले आणि आण्णांवर बरसले. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुझ्या नंबरानं गुडगा वाकतो व्हय गं तायडे? मग दे आन लाव तिच्या गुडग्याला."

"आण्णा, उद्या काही झालं तर?"

"आत्ता काय झालंया? हिंडतीया, फिरतीया. तुमच्या लायसनवाल्यानं तर हात बी लावला न्हाई."

मी म्हटलं, मी तक्रार करते तालुक्याला, पौडला. तेव्हा आई चुलीपुढून न वळता म्हणाली, "कर की. मग ह्या दारात पाऊल टाकू नगंस." ती रागावलेली नव्हती, नुसतं सांगत होती, आणि म्हणूनच माझी बोबडी वळली. मी तक्रार केली नाही.

कुणीतरी केली मात्र. उन्हाळ्यात एका सकाळी तालुक्याहून तपासणीचं पथक येणार असल्याची कुणकुण गावाला आधीच लागली. पुढची हकीकत मला आईनेच नंतर सांगितली, आणि काय रंगवून सांगितली म्हणता! जीप शेजारच्या मारुंजीपर्यंत पोचेतोवर अख्खा दवाखाना हवेत विरला. टेबल दूध डेअरीत गेलं, बाकडं देवळात गेलं. दाराबाहेरची पाटी उलटी करून शेजारणीने पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकली. आईने त्या खोलीत जुनी साडी अंथरली आणि घरात वाळत असलेल्या कुरडया नेऊन त्यावर मांडल्या. पथकातले साहेब आत आले तेव्हा ती मधोमध मांडी घालून बसली होती. त्या गोळ्यांच्या जोरावर घातलेली मांडी!

"इथे दवाखाना चालतो म्हणे?" साहेबांनी विचारलं.

"हितं? हितं कुरडया चालत्यात. घ्या एक," आई म्हणाली.

साहेबांनी गावात आणखी चार घरी विचारलं. सगळीकडे तेच. न्हाई बा, आमाला काय म्हाईत न्हाई. तुझं नाव कुठे येऊ देणार नाही, असा शब्द देऊन आण्णांनी त्या माणसाला केव्हाच स्वतःच्या मोटरसायकलवर मागे बसवून बांधाबांधाने बाहेर काढलं होतं. कुठे सोडला विचारलं तर म्हणाले, सोडला रस्त्याला. परत आल्यावर त्यांनी गोठ्यात लपवलेली सगळी औषधं एका पोत्यात भरली आणि गोठ्यामागे जाळून टाकली. फडताळातली आईची महिन्याभराची पुडी पण त्याच पोत्यात गेली. घरात खूण राहायला नको, म्हणून. आपल्या माणसाला वाचवायचं तर पुरतं वाचवायचं, अशी आमच्या लोकांची पद्धत.

गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. लेक कायदा शिकवते, म्हणजे तिनेच कळवलं असणार, हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. मी कुणाकुणाला सांगत बसणार, की अहो मी नाही! उलट मला वाटत होतं, तक्रार मीच केली असती तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी हक्काच्या खाल्ल्या असत्या.

मग काही दिवसांनी आण्णांचा फोन आला. मी वर्गात होते. एरवी मी वर्गात फोन घेत नाही, पण आण्णा कामाशिवाय फोन करणाऱ्यांतले नाहीत. "आईला उलट्या व्हायला लागल्यात. उठंना झालीया," एवढंच म्हणाले. आवाज बारीक झाला होता त्यांचा. मी मुलींना तसंच सोडलं आणि गाडी काढली.

आई खाटेवर चिंधीसारखी पडली होती. अंग गार, ओठ पांढरे. हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. मी आणि आण्णांनी उचलून तिला गाडीत घातलं. हिंजवडीकडच्या हॉस्पिटलात पोचलो. स्ट्रेचर आत गेलं, आण्णा सोबत गेले आणि मी गाडी लावायला वळले. तेवढाच वेळ गेला असेल मध्ये.

मी आत आले तेव्हा कॅज्युअल्टीतली तरुण डॉक्टर आण्णांना विचारत होती, "आजोबा, नीट आठवून सांगा. कुठल्या गोळ्या चालू होत्या? बीपीच्या? शुगरच्या? दुखण्याच्या?"

"काय न्हाई. येक बी गोळी न्हाई," आण्णा म्हणाले.

"काही बाहेरचं औषध? झाडपाला? इंजेक्शन?"

"न्हाई म्हनलं ना बाई. काल शिळं खाल्लं आसंल तिनं."

मी आण्णांकडे बघतच राहिले. तिकडे बायको हातातून चाललीय आणि हा माणूस दिलेला शब्द पाळतोय! बरं, माणूस दगडाचा आहे म्हणावं तर तसंही नाही. एका हाताने स्ट्रेचरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने ते आईचे गार पाय चोळत होते. डॉक्टर नर्सला म्हणाली, पोटाचं काहीतरी दिसतंय, सलाईन लावा. मी पुढे झाले. आईचा हात हातात घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तर आईने मला चिमटा काढला. डोळे उघडत नव्हते तिचे, पण माझ्या तळहाताला तिने नख लावलं आणि मान हलवली. सांगू नकोस.

मी सांगितलं. भडाभडा सगळं सांगितलं. गुडघ्यासाठी वर्षभर बारीक पांढऱ्या गोळ्या, अधूनमधून इंजेक्शनं, देणारा डॉक्टर नव्हे, नाव माहीत नाही गोळीचं, तोंड सुजलं, काळेनिळे डाग पडले, आणि आता काही दिवस झाले, गोळ्या एकदम बंद. डॉक्टरने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तिने आईचा गाल बघितला, दंड बघितला आणि नर्सला एका इंजेक्शनचं नाव ओरडून सांगितलं. सगळे धावायला लागले.

मग ती फाईल उघडून लिहायला लागली, तेव्हा आण्णा पुढे आले आणि तिच्यापुढे हात जोडले. "लिवू नगा बाई. माज्या दारात आलेला मानूस हाय त्यो."

"आजोबा, मला लिहावंच लागतं," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

ती नंतर आम्हाला बाकावर बसवून समजावत होती. आण्णांकडे बघून बोलली, याचं मला फार बरं वाटलं. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. शरीरात जे आपोआप तयार होतं, तेच बाहेरून इतके दिवस दिलं की शरीर ते तयार करायचं सोडून देतं. मग गोळी एका दिवसात बंद केली की माणूस असा कोसळतो. त्या घ्यायच्या असल्या तरी कुणाच्या तरी नजरेखाली, आणि सोडायच्या त्याही हळूहळू. "आणखी थोडा उशीर झाला असता तर आजी हाती लागल्या नसत्या," ती म्हणाली. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती उलटसुलट करत बसले.

आई वाचली. घरी आली. गोळ्या आता चिठ्ठीवरच्या, दर काही दिवसांनी थोड्या कमी करायच्या. त्या कमी होत गेल्या तसे गुडघे परत धरले. खाली बसणं गेलं. भाकरी थापायला कट्ट्यापुढे उभं राहायचं आणि चार भाकरींत खुर्ची ओढायची. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची.

अशात पथकातले तेच साहेब परत आले. हॉस्पिटलकडून बातमी गेली होती. भला माणूस होता. चपला बाहेर काढून आला, आईच्या खुर्चीसमोर बसला. म्हणाला, "आजी, खोली रिकामी, औषधं जळून गेली, माणूस पसार. गावात कुणी बोलत नाही. तुम्ही जबाब दिलात तर काहीतरी उभं राहील. नाहीतर तो दुसरीकडे जाऊन हेच करणार."

आईने पदर डोक्यावर घेतला. "हितं कोन डॉक्टर नव्हता सायब."

"आणि त्या गोळ्या?"

"कंच्या गोळ्या? आमी म्हाताऱ्या मान्सं, काय बी खातो."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार होते? तो 'माझं कॉम्बिनेशन' म्हणाला होता, पण ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी त्याला गोळी देताना बघितलं नव्हतं, गोळी माझ्याकडे नव्हती. ज्या अंगावर हे झालं, ते अंग नाही म्हणत होतं. साहेब चहा घेऊन गेले. ते फाटकाबाहेर पडले नाहीत तोच मी आईवर ओरडले. इतकी ओरडले की भाडेकरणी दारात आल्या. "मेली असतीस तू! त्याने मारलं असतं तुला! आणि तू त्यालाच पाठीशी घालतेस?"

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यानं माजा पाय मांडीवर घेतला हुता. पोटच्या पोरावानी. तुमच्या नोंदनीवाल्यानं माजं नाव तरी इचारलं का गं?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि तरी ते इतकं चुकीचं होतं की माझा जीव तळमळत होता. मी सूसला परत आले, आणि कित्येक दिवस वर्गात तो पहिला प्रश्न विचारायची मला हिंमत झाली नाही. दुसऱ्याच धड्यापासून सुरुवात केली. मुलींना काय कळतंय त्यातलं.

लावणीचे दिवस आले. एका रविवारी मी नेऱ्याला गेले होते. आण्णा खाटेवर सुपारी कातरत होते, आई खुर्चीत, मी तिच्या पायाला तेल चोळत होते. हे एवढं एक ती मला करू द्यायची. मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, पिरंगुटच्या पलीकडे आत डोंगराकडे तिचं गाव. तिच्या गुडघ्यांची पण तीच तऱ्हा. आईला फोन कानाला धरून ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर लावला.

"आक्का, आगं यंदा मी सोता लावणीला उतरले!" मावशी खुशीत होती. "सगळ्या बाया तोंडात बोटं घालाय लागल्या."

"आगं, आन गुडगं?"

"गुडगं कुटं दुकत्यात आता! तुला म्हनून सांगतीया, कुनाला बोलू नगं. आमच्याकडं डॉक्टर ऱ्हायला आलाय. काय हात हाय गं त्याचा! तिसऱ्या दिशी मांडी घालून बसले."

आईचा पाय माझ्या हातात आखडला. आण्णांचा अडकित्ता थांबला.

"काय देतो गं त्यो?" आईने विचारलं.

"बारीक पांढऱ्या गोळ्या. पुडीत."

"तोंड सुजलंय का तुजं?"

मावशी हसायला लागली. "सुजंल कशाला? भरलंय. सगळी म्हनत्यात, तब्येत झाली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला म्हाईतच आसंल की. दाजींनीच तर आनून सोडला त्याला आमच्यात. गाडीवर."

आईने आण्णांकडे पाहिलं. आण्णा खाली बघत होते. त्यांना वाटलं असेल, माणूस सुरक्षित जागी ठेवला; तिथे तो पुन्हा दवाखाना थाटेल, हे डोक्यातही आलं नसेल. बायकोच्या बहिणीच्या घराहून सुरक्षित जागा कुठली सापडणार?

मला वाटलं, आता आई ओरडेल, रडेल. ती फोनच्या जवळ तोंड नेऊन हळू म्हणाली, "हे बग बाई, नीट ऐक. त्या गोळ्या एकदम बंद करायच्या न्हाईत. ऐकलंस? येका दिवसात टाकून दिऊ नगंस. आमी येतोय. तायडी गाडी आनतीया, तुला डागदरनीकडं न्यायचं."

"आक्का, काय झालं गं?"

"मी येते म्हनले ना. पुडी तेवढी जपून ठिव. कुनाला दिऊ नगं, दाजींना बी न्हाई."

फोन बंद झाला. आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. गुडघा कटकन वाजला, तिने ओठ दाबला. मला म्हणाली, "त्या सायबाचा नंबर हाय का तुज्याकडं?"

आण्णा उठून उभे राहिले. "आगं, मी शबुद दिलाया त्याला."

"तुमी दिलाय," आई म्हणाली. "मी कुटं दिलाय?"

मी नंबर लावला. घाईत दोनदा चुकला. पलीकडून साहेबांनी हॅलो म्हटलं. मी बोलणार तेवढ्यात आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला, आणि नेहमी फोनवर बोलते तशी मोठ्याने, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी बोलायला लागली. शेजारीण पिंपावरचं झाकण हातात धरून बघत उभी राहिली.

"सायब, नेऱ्यासनं बोलतीया. ती कुरडया घातल्याली बाई. मी तुमाला खोटं सांगितलं हुतं दोन येळंला. आता खरं सांगतीया. पेन हाय का हाताशी? लिवून घ्या."